निळ्या रेघेचे गुलाम

दोन बाइकवाले कुठेही भेटू देत, कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत नाहीतर पेट्रोल पंपाच्या रांगेत, पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच. "लाँग राइडसाठी जीपीएस कुठला घ्यावा रे?" मग गार्मिन की फोन, फोन असेल तर माउंट कुठला, गूगल की मॅपल्स, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ की साधा इअरफोन, यावर अर्धा तास खल. प्रत्येकाकडे एक यूट्यूबवाला असतो आणि एक "माझ्या मेव्हण्याने घेतलाय" असतो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, गावाने निफाडकर आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकल बाहेर काढणारा. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो, आणि माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. म्हणून म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू.

तर उत्तर असं: कुठलाही घ्या. फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही. वाट दाखवणं हे एक काम आहे आणि वाट निवडणं हे दुसरं. पहिलं काम यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं, ते त्याला खुशाल द्या. दुसरं काम मात्र आपण गुपचूप, आपल्याही नकळत, त्याच्याच गळ्यात मारलंय. लांबच्या प्रवासात दुचाकीवाल्याने असं करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. (सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.)

आधी जरा तांत्रिक

आपण ज्याला "जीपीएस" म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात.

पहिली, खरा जीपीएस. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे तीसेक उपग्रह. त्यातल्या किमान चारांचे सिग्नल मिळाले की तुमच्या फोनला स्वतःचा ठावठिकाणा काढता येतो. मे २००० पर्यंत अमेरिका आम जनतेच्या सिग्नलमध्ये मुद्दाम खोट घालायची, शंभरेक मीटरचा फरक पडायचा. क्लिंटनसाहेबांनी ती खोट काढायला लावली आणि पुढचा सगळा धंदा उभा राहिला. आता रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि आपल्या इस्रोचा नाविकही आहे. याला मोबाइलची रेंज लागत नाही, नेटपॅक लागत नाही. "रेंज गेली आणि जीपीएस बंद पडला" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. बंद पडतो तो नकाशा.

दुसरी गोष्ट म्हणजे हाच नकाशा. तो कोणीतरी, कधीतरी काढलेला असतो. उपग्रहाच्या चित्रांवरून, गाड्या फिरवून, लोकांनी कळवलेल्या दुरुस्त्यांवरून. आजचा तो कधीच नसतो. शहरात कालचा असतो, खेड्यात दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

तिसरी गोष्ट रस्ता काढून देणारा प्रोग्राम. इथे आपल्या जातभाईंना ओळखीचा माणूस भेटतो. एड्सगर डाइक्स्ट्रा. १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर हा गृहस्थ कॉफी प्यायला बसला आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता काढायची रीत त्याने डोक्यात जुळवली. १९५९ साली ती छापून आली. आपण सगळ्यांनी ती परीक्षेत लिहिलीय, इंटरव्ह्यूत फळ्यावर खरडलीय आणि नोकरी लागल्यावर विसरलोय. आजच्या नॅव्हिगेशनने तिच्यावर कितीही मजले चढवले असले तरी पाया तोच: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा चिकटवा आणि बेरीज कमीत कमी येईल अशी साखळी शोधा.

आता खरा प्रश्न. तो आकडा कसला, आणि कोणाच्या हिशोबाचा?

आकडा त्याचा, हाडं तुमची

तो आकडा बहुतेक करून वेळेचा असतो. म्हणजे तुम्ही मुक्कामाचं नाव टाकून "स्टार्ट" दाबता तेव्हा नकळत एका अटीवर सही करता: "मला बाकी काही नको, मिनिटं वाचवून दे." मागे बायको बसलीय का, कंबर धरलीय का, पॅनिअर लावून गाडी जड झालीय का, अंधार पडायला अर्धा तास उरलाय का, हे त्या आकड्यात नाही. चार मिनिटं वाचावीत म्हणून तो चांगला दुपदरी रस्ता सोडून शेतातल्या डांबरी पट्टीवर वळवतो. कारवाला शिव्या देत खड्डे चुकवत जातो. बाइकवाल्यासाठी त्याच पट्टीवर वळणावरची खडी असते, ठिबकच्या पायपाने झालेला चिखल असतो, मध्येच पसरून बसलेलं कुत्रं असतं. कार घसरली की पत्रा चेपतो. बाइक घसरली की काय चेपतं ते वेगळं सांगायला नको.

"पण दुचाकीचा वेगळा मोड आहे की!" हे वाक्य येणार मला माहीत होतं. आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने तो जगात सर्वात आधी भारतात आणला. पण तो आणताना सांगितलेला गुण कुठला? मोटारींना जाता येत नाही असे शॉर्टकट दाखवणं. शहरात ऑफिसला उशीर झालेल्या माणसाला हे वरदान आहे. तीनशे किलोमीटर जाणाऱ्याला शॉर्टकट हाच तर नकोय! लांबच्या प्रवासात आपल्याला हवा असतो तो असा रस्ता, की जो पुढे कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. दोन्हीचा हिशोब एकमेकांच्या उलट आहे.

आमच्याच तालुक्याचं घ्या. पुण्याहून सिन्नरपर्यंत आलात की निफाडला जायला नायगाव, सायखेडा, चांदोरी असा रस्ता आहे. नाशिकला वळसा पडत नाही, नकाशावर बघितलं तर सुटसुटीत. मीही जातो त्याने, दिवसाउजेडी. पण उसाच्या दिवसांत रात्री हाच रस्ता म्हणजे वेगळं प्रकरण असतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. पुढे लासलगाव-विंचूरच्या बाजूला गेलात तर कांद्याच्या ट्रॉल्या. मार्केट चालू असेल त्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर बाइकवाल्याने काय करायचं हे इथल्या कॉलेजच्या पोराला पाठ असतं. यंत्राला हे सगळं "सात मिनिटं जास्त" एवढंच दिसतं. दिसलं तर.

आता पाणी. नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते सगळं शहर बघायला जातं. तेच पाणी खाली आमच्याकडे येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये चांदोरी-सायखेड्यात घरादारांत पाणी होतं. नाशकात मारुती बुडायला लागला की आता सायखेड्याच्या पुलाचं काही खरं नाही, हे आमच्याकडे न शिकलेल्या माणसालाही कळतं. नकाशावर मात्र पूल आहे. पूल म्हणजे दोन काठांना जोडणारी रेघ, आणि त्या रेघेला पाणी लागत नाही.

इथे एक गंमत सांगतो, आपल्या धंद्यातली. नकाशावरचं ट्रॅफिक कळतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांमुळे. पुणे-नाशिक रस्त्यावर हजारो फोन असतात, गाड्या तुंबल्या की रेघ लाल होते. आता पुराने पूल बंद झाला. काय होईल? तिथून एकही फोन जाणार नाही. आणि रात्री दोन वाजता, पूल अगदी धडधाकट असताना, त्या आडरस्त्यावर काय असतं? तिथेही एकही फोन नसतो. "रस्ता मोकळा आहे" आणि "रस्ताच नाही" या दोन्ही वेळी यंत्राला एकच गोष्ट ऐकू येते: शांतता. कोणी मुद्दाम कळवेपर्यंत त्याला फरक कळायला मार्ग नाही. शून्य आणि नल एकच समजण्याची चूक आपल्या कोडमध्ये सापडली तर आपण रिव्ह्यूमध्ये समोरच्याला सोलून काढतो. आणि रात्री त्याच तर्कावर जीव टाकून मोकळे होतो.

"मॅपने मारलं"

जानेवारी २०२१. कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या मंडळींची गाडी रात्री अकोले तालुक्यात मॅपने दाखवलेल्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. निफाडपासून हे ठिकाण काही फार लांब नाही, आपले सगळे ट्रेकवाले त्या भागात जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलाचा पुराने वाहून गेलेला भाग नकाशात नव्हता. गाडी सरळ खाली गेली, तिघे मेले.

दोन्ही वेळा बातम्यांचा मथळा एकच. "गूगल मॅपने घात केला." मला या मथळ्याचा राग येतो. कंपनीची कड घ्यायची म्हणून नव्हे, तर त्यात सगळेच सुटतात म्हणून. पूल पाण्याखाली आहे हे ज्या खात्याला महिनोन्‌महिने माहीत असतं, त्याने तिथे दोन ड्रम, एक आडवा बांबू आणि लाल दिवा का लावला नाही? तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भिंत का नव्हती? हे प्रश्न मॅपच्या मथळ्याखाली गाडले जातात. कंपनी सुटते, कारण नियम आणि अटींमध्ये लिहिलेलंच असतं की प्रत्यक्ष परिस्थिती वेगळी असू शकते. आणि सगळ्यात सोयीस्कर म्हणजे आपण सुटतो. अनोळखी मुलुख, रात्र, अरुंद रस्ता, आणि तरी वेग कमी नाही, कारण रेघ पुढे सरळ दिसतेय.

जे गेले त्यांना मी दोष देत नाहीये. समोर बांबू असता तर ते आज असते. मी बोलतोय तुमच्या-माझ्याबद्दल, ज्यांनी या बातम्या वाचल्या, पुढे पाठवल्या आणि पुढच्याच शनिवारी पहाटे चार वाजता मुक्कामाचं नाव टाकून स्टार्ट दाबलं.

समृद्धीच्या दारात

हे झालं जिवाचं. आता साध्या मनस्तापाचं उदाहरण. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. नाशिक जिल्ह्यातून, सिन्नरवरून जातो. आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. तशीच ती मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आहे, अटल सेतूवर आहे. (बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, त्यावर मला बरंच बोलायचंय, पण आज नको.)

निफाडहून विदर्भात जाणाऱ्याने मोड बदलायचा विसरला, किंवा रेंज नसल्याने ॲपने ऑफलाइन रस्ता मोटारीचा म्हणूनच काढला, की येवल्याच्या पुढे वैजापूरजवळ रेघ समृद्धीकडे वळते. वाहतुकीसाठी बंदी असलेल्या रस्त्याच्या दारात लोक सामानासकट उभे राहतात आणि टोलवाल्याशी हुज्जत घालतात. "अहो पण मॅप दाखवतंय!" दाखवतंय ना. पण पाटीसुद्धा काहीतरी दाखवतेय, हीऽऽ एवढी मोठी, लाल गोलातली मोटारसायकल. ती कोण बघणार? डोळे तर हँडलवरच्या पाच इंची पडद्यावर.

मग यंत्र कुठलं?

बरं, एवढं वाचलंत तर यंत्राबद्दलही सांगतो. थोडक्यात, कारण ते थोडक्यातच सांगण्यासारखं आहे.

हँडलवर रोजचा महागडा फोन लावू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडवू शकते. तीच कंपनी म्हणते फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. एप्रिलमध्ये येवल्याच्या पुढे दुपारी दोन वाजता ३५ अंश? मनमोकळं हसा. फोन तापतो, पडदा अंधारतो, आणि नेमका बायपासचा फाटा येतो. पावसात थेंबच पडद्यावर बोटं फिरवतात. आणि डिसेंबरात पहाटे निफाडहून निघालात, कुंदेवाडीच्या केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर आलाय, दोन-दोन हातमोजे घातलेत, तर त्या पडद्यासाठी तुमचं बोट अस्तित्वातच नसतं. लावायचाच तर जुना, घरात पडलेला दुसरा फोन लावा.

गार्मिनसारखं खास यंत्र उन्हात दिसतं, पाण्यात टिकतं, हातमोज्याने चालतं. पैसे जास्त झाले असतील तर घ्या. पण त्यात नकाशा शेवटी नकाशाच असतो. आणि महागड्या यंत्राचा एक वाईट परिणाम म्हणजे त्यावर जास्त विश्वास बसतो.

रॉयल एनफिल्डने २०२० साली मीटिअरवर एक छोटी गोल चकती दिली, ट्रिपर नावाची. फोनला जोडायची, नुसता बाण आणि पुढचं वळण किती लांब एवढंच दाखवते. लोक हसले, "नकाशा दिसतच नाही!" मला तर तोच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. गाडी चालवताना नकाशा बघायचाच कशाला? पुढे २०२३ च्या हिमालयनवर अख्खा नकाशा आला आणि सगळे खूश झाले. मी नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली सोय म्हणजे फोन जाकिटाच्या खिशात आणि हेल्मेटमध्ये बारीक आवाज. डोळे रस्त्यावर. केंद्राचा मोटार वाहन नियम ऑक्टोबर २०२० पासून फोन फक्त रस्ता बघण्यापुरता वापरू देतो, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. त्या नियमाच्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात या विषयावरचं सगळं शहाणपण आलंय.

ॲपचं म्हणाल तर शहर ओलांडताना ट्रॅफिकसाठी गूगल, स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांच्या इशाऱ्यांसाठी मॅपल्स, आणि आदल्या रात्री आखलेली वाट जशीच्या तशी बरोबर नेण्यासाठी ऑसमअँड. हे ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, सगळा जिल्हा फोनात उतरवून ठेवता येतो, रेंज नको. झालं. यंत्राचा विषय संपला.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण एव्हाना ते माना डोलवायला लागले असतील. "बघ, मी म्हणत होतो. आम्ही स्कूटरवर गोव्याला गेलो, विचारत विचारत गेलो. जीपीएसने तुमची पिढी आंधळी केली." काका, जरा थांबा.

तुम्ही चुकलात तेव्हाचे किस्से आज मजेशीर वाटतात, कारण तुम्ही परत आलात. रात्री अकरा वाजता आडरानात जोडीदार पडला, पाय मोडला, १०८ ला फोन लावला आणि पलीकडून विचारलं "नेमके कुठे आहात?" तर "ते वडाचं झाड गेल्यावर" हे उत्तर चालत नाही. तिथे तो निळा ठिपका म्हणजे देव आहे. मी कुठे आहे, जवळचा दवाखाना कुठे आहे, पंप किती लांब आहे, या प्रश्नांना या यंत्राइतकं चोख उत्तर देणारं आजवर काही नव्हतं. ते टाकून देणं म्हणजे मर्दुमकी नव्हे.

आणि "विचारत विचारत" जाण्यातही एक कला आहे, जी सगळ्यांना नसते. "दादा, हा रस्ता सायखेड्याला जातो का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "हो" येतं. जातोच तो. "किती लांब?" विचारलंत तर "हे काय, इथंच!" येतं, आणि ते इथंच अठरा किलोमीटर निघतं. विचारायचं असं: "भाऊ, आज तिकडून कोणी आलं का?" आणि विचारायचं कोणाला, तर एसटीच्या ड्रायव्हरला, दुधाच्या पिकअपवाल्याला, द्राक्षांचे क्रेट भरून निघालेल्या टेम्पोवाल्याला. तो रोज त्या रस्त्याने जातो. "पाणी आहे ना भाऊ पुलावरून, सकाळपासून बंदे" ही माहिती तुमच्या ॲपला कळायच्या आधी त्याला कळलेली असते. याला रिअल टाइम डेटा म्हणतात, आणि तो चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

तर मुद्दा यंत्र विरुद्ध माणूस असा नाहीच. दोघांनाही विचारा. ठरवायचं तेवढं आपण.

तीस मिनिटांचं काम

"पण एवढं सगळं करायला वेळ कोणाला आहे?" म्हणणाऱ्या माणसाने गेल्या महिन्यात माउंट निवडायला किती तास यूट्यूब बघितलं ते आधी मोजावं.

निफाड ते लोणार घेऊ. साधारण तीनशे किलोमीटर. आदल्या रात्री लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर नकाशा उघडा. मुक्कामाचं नाव टाकू नका. आधी नुसता मुलुख बघा. मग गावं ठरवा: विंचूर, येवला, वैजापूर, लासूर स्टेशन, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, सुलतानपूर, लोणार. हा जुना नागपूरचा रस्ता. समृद्धी होण्याआधी सगळी वाहतूक याच्यावर होती, म्हणून पंप, पंक्चरवाले, ढाबे, दवाखाने सगळं याच्याच काठाने वसलंय. वाटेत सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, तिथे तासभर थांबायचंच आहे. "वेळ कमीत कमी" या अटीवर रस्ता काढणाऱ्या कुठल्या प्रोग्रामला हा तास जमेच्या बाजूला मांडता येईल?

ही गावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि टाकीवर चिकटवा. प्रत्येक टप्प्याचं नाव यंत्रात वेगळं टाका, शेवटच्या मुक्कामाचं टाकू नका. म्हणजे त्याला फार मोठी हुशारी करायला जागाच उरत नाही. अख्ख्या पट्ट्याचा नकाशा फोनात उतरवून घ्या. एखादा तुकडा अनोळखी वाटला तर त्या गावच्या लॉजवाल्याला नाहीतर पंपवाल्याला फोन करून रस्त्याचं विचारा. लोक आनंदाने सांगतात.

मग तीन नियम पाळा. चालत्या गाडीवर रस्ता बदलायचा नाही. "सहा मिनिटं वाचतील" म्हणालं तर म्हणू दे, पुढच्या चहाला बघू. दुसरा, अंधार पडल्यावर फक्त मोठा रस्ता, मग तो वीस किलोमीटरने लांब पडला तरी चालेल. तिसरा, कडेचे दगड वाचायचे. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी दिसायला लागलं की तुम्ही ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर आलात. यंत्र म्हणतंय महामार्ग आणि दगड नारिंगी, तर खरं कोण बोलतंय हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. गाडी थांबवायची.

एवढंच आहे. तीस मिनिटं आणि एक कागद.

शेवटचं, आणि हे खास आपल्या लोकांसाठी

दुसऱ्याने काढलेल्या नकाशाला शिव्या घालणं सोपं आहे. पण ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून सगळ्यांना खुलं आहे, कोणीही खातं उघडून रस्ता काढू शकतो, दुरुस्त करू शकतो. गूगललाही बंद रस्ता कळवता येतो. आपण दिवसभर दुसऱ्यांचे बग फाइल करतो, त्याचा पगार घेतो. गावाला गेल्यावर मात्र बंद पडलेला पूल डोळ्यांनी बघतो, गाडी वळवतो, घरी येऊन "मॅप बकवास आहे" म्हणतो आणि गरम गरम भाकरीवर ताव मारतो. आपल्या मागून रात्री येणाऱ्या अनोळखी माणसाला तीच रेघ दिसणार असते.

मी गेल्या दोन-तीन पावसाळ्यांपासून निफाडला असलो की एक काम करतो. गोदाकाठचे आमच्या भागातले फरशीपूल, पाणी आल्यावर बंद होणारे रस्ते, नव्याने झालेले डांबरी तुकडे बघायचे आणि रात्री बसून नकाशात नोंदवायचे. गल्लीतली दोन पोरंही आता करतात. फार वेळ जात नाही. तुमच्या गावाचे असे रस्ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार? नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येता तेव्हा दुर्बीण आणता ना? मग येता-जाता एखादा बंद रस्ताही टिपून घ्या, आणि रात्री झोपण्याआधी नोंदवा.